तलावाकाठी सत्तेचाळिसावं गुणसूत्र

मी गडचिरोलीकडे निघाले आहे हे कळल्यावर आमच्या प्रयोगशाळेत जे झालं त्याला निरोप म्हणायचं की दुखवटा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकीने मलेरियाच्या गोळ्या आणून दिल्या. दुसऱ्याने विचारलं, "तिकडे वाघ अगदी दारापर्यंत येतात का हो?" जणू मी दर उन्हाळ्यात तिथे सुट्टीला जाते! संचालकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, डोळ्यांत पाणी येईल इतक्या मायेने "जपून राहा" म्हणाले आणि लगेच विचारलं, "सेंट्रिफ्यूजच्या कपाटाची किल्ली कोणाकडे देऊन जाताय?"

मी पुण्यात लोकांची गुणसूत्रं मोजते. हा पोटापाण्याचा उद्योग असू शकतो हे आमच्या शेजारणीला अजून पटलेलं नाही. तिचा समज आहे की मी पत्रिकाच जुळवते, फक्त इंग्रजीत. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात. कधी एखाद्या लेकरात सत्तेचाळीस निघतात, एकविसाव्या क्रमांकाचं एक जादा, आणि मग डोळे थोडे तिरपे, मान लेचीपेची, चालणं-बोलणं उशिरा. त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. एक जादा झाल्यामुळे इतकं सगळं उणं होतं, असा हा विचित्र हिशोब आहे.

चंद्रपूरचे बालरोगतज्ज्ञ डॉक्टर मेश्राम यांच्याकडे अशीच एक दीड वर्षाची मुलगी आली होती. नाव पिंकी. आई वनिता, चोवीस वर्षांची. बाप रमेश, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. मेश्रामांनी दोनदा रक्ताचे नमुने मला पाठवले आणि दोन्ही वेळा ते उन्हात शिजून पोचले. मेलेल्या पेशीत गुणसूत्रं दिसत नाहीत. पेशी जिवंत हवी, वाढती हवी, दुभंगण्याच्या बेतात हवी. तिसऱ्यांदा नमुना आला नाही, फोन आला.

"म्याडम, आता तुम्हीच या," मेश्राम म्हणाले. "यांच्या समाजाची बैठक ठरली आहे, तलावाच्या मासोळीच्या दिवशी. पोरगी अशी कोणामुळे झाली ते त्या दिवशी सांगा म्हणतात. नाही सांगितलं तर वनिताला माहेरी नेऊन सोडणार, कायमची. रमेशसाठी दुसरी बघूनही ठेवली आहे."

"आणि सांगितलं तर?"

"कोणामुळे निघते त्यावर आहे न," मेश्राम म्हणाले.

म्हणून मी निघाले. सामानात दोन साड्या, बाकी सगळ्या बाटल्या.

चंद्रपूर

स्टेशनवर उतरले तेव्हा मार्च संपत आला होता आणि सकाळच्या आठलाच ऊन असं पडलं होतं की पुण्यात ते भर मे महिन्यात दुपारी पडलं तरी आम्ही वर्तमानपत्राला पत्रं लिहितो. मेश्राम घ्यायला आले होते. चाळिशीचा, उंच, सतत हसणारा माणूस. वडील रेल्वेत हमाल होते, बाबासाहेबांची गोष्ट ऐकून त्यांनी पोराला डॉक्टर केलं, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, आणि सहाव्या मिनिटाला विचारलं, "म्याडम, जेवणात तिखट चालते न?"

मी "चालतं" म्हणाले. माणसाने परक्या गावात बढाई मारू नये. दुपारी ताटात मासोळीचा रस्सा, जवसाची चटणी आणि डोंगराएवढा भात आला. पहिल्या घासाला कानातून वाफ निघाली. दुसऱ्याला माझ्या संशोधनाच्या पदवीसकट सगळं डोक्यातून पुसलं गेलं. मेश्राम काळजीने म्हणाले, "आज बाईनं तिखट कमीच टाकलं आहे, तुमच्यासाठी." सांबार घ्या म्हणाले म्हणून मी वाटी पुढे केली, तर त्यांनी भातावर कोथिंबीर भुरभुरली. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, वाघांचं मात्र सगळ्यांनी सांगितलं.

वैनगंगेपलीकडे

दुसऱ्या दिवशी जीपने निघालो. मूलच्या पुढे जंगल लागलं. साग निष्पर्ण, पळस पेटलेला, आणि रस्त्याकडेला मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका. त्या वासाने मला गुंगी आली. मेश्राम म्हणाले, "नुसत्या वासानंच?" वैनगंगेचा पूल ओलांडला आणि काही वेळाने एका मोठ्या तलावाच्या मातीच्या बांधाखाली, इथल्या भाषेत पाळीखाली, गाव आलं. जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे इथल्या जमीनदाराच्या, काळचा तलाव. गावाचं सगळं त्याच्यावर चालतं: धान त्याच्या पाण्यावर, शिंगाडा त्याच्या पाण्यात, मासोळी त्याच्या पोटात.

रमेशचं घर म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि पुढे ओसरी. तिथे त्याची आई बसली होती, शेवंताबाई. काटक, काळीसावळी, कपाळ मोकळं, हातात जाळं दुरुस्त करायची सुई. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी आपोआप पदर सारखा केला. वनिता बाजूच्या पडवीत होती. तिची चूल तिथे वेगळी मांडली होती. आपण घरात आहोत की बाहेर, हे तिलाही नीट माहीत नसावं. पिंकी मात्र सगळ्यांच्या घरात होती. ती रांगत थेट माझ्या मांडीवर आली, माझा चष्मा ओढला आणि जीभ काढून हसली. मला पोरांचं फारसं कौतुक नाही, पण या पोरीने मला पार विकत घेतलं.

समाजाचे म्होरके गोविंदाभाऊ आले. मिशा पांढऱ्या, आवाज भरदार. त्यांनी मला रीत समजावून सांगितली. तलावाचं पाणी उतरलं की सगळ्यांची जाळी एकाच दिवशी पडतात. जी मासोळी निघेल तिचे पाळीवर वाटे घालायचे. वाटा माणशी नाही, जोडप्यागणिक. नवरा-बायको मिळून एक वाटा, आणि तो उचलायचा बाईनेच. विधवेला अर्धा, बायको सोडलेल्याला अर्धा.

"रमेशचा यंदा पुरा टाकाचा का अर्धा, थे तुमच्या सांगण्यावर हाये बाई," ते म्हणाले.

आमच्या प्रबंधांवर यापेक्षा कमी जबाबदारी असते.

रक्त घेताना वनिताने तोंड फिरवलं नाही. पिंकी रडली आणि लगेच सिरिंजकडे हात पसरायला लागली. मग शेवंताबाईने बाही वर केली. "माहंबी घ्या."

"तुमचं नको, आजी. आईबापाचं आणि लेकराचं पुरतं."

"घ्या म्हंते ना."

मी नाही म्हणाले. तिने बाही खाली केली आणि सुई उचलली. मला वाटलं, म्हातारीला फुकटात तपासून घ्यायचं असेल. माझी बुद्धी अशा वेळी पुण्याचीच असते.

आता मी शहाण्यासारखं उठायला हवं होतं. पण ओसरीभर बायका जमल्या होत्या, आणि चार माणसं पुढ्यात बसली की मला शिकवल्याशिवाय राहवत नाही. मी सुरू केलं. पेशी दुभंगायच्या आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते. मूळ आणि नक्कल या दोघी बहिणी एकमेकींना बिलगून असतात. त्यांना धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, कोहेसिन. त्याचं अगदी गोल कडं असतं. मला शब्द सुचला आणि मी खूश झाले. "बांगडीच म्हणा ना! दोघींच्या भोवती एक बांगडी. मग दुसरं प्रथिन असतं, ते कात्रीसारखं. त्या कात्रीवर पहारेकरी बसलेला असतो. सगळी गुणसूत्रं दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांना नीट बांधली गेली, एकही सुटलेलं नाही, अशी खात्री पटली की पहारेकरी हटतो आणि कात्री बांगडी कापते."

एक बाई पदर तोंडाला लावून उठून गेली. मेश्राम हळूच म्हणाले, "म्याडम, भरल्या घरात बांगडी कापायचं नाव…" अरे देवा! आम्हीसुद्धा पुण्यात बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण विज्ञान सांगताना माणूस घरचे संस्कार चप्पलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

शेवंताबाईचं लक्ष बांगडीकडे नव्हतंच. तिने सुई खाली ठेवली होती. "म्हंजे कापलंच ना?"

"काय?"

"मी सांगून राह्यली होती, गिरहनात ही इळ्यावर बसली, वांगं कापलं. कोनी आयकलं नाई. आता या शिकल्यासवरल्या बाई सोताच्या तोंडानं सांगून राह्यल्या, कापलं म्हून!"

"अहो, कापायलाच हवं असतं!" मी ओरडले. "वेळेवर कापलं गेलं नाही, किंवा कडं आधीच झिजून सैल झालं, तर दोघी एकाच बाजूला जातात. मग एकीकडे एक जास्त होतं."

"मंग? चुकीच्या येळेवरच तं कापलं! गिरहन लागलंच होतं."

वनिता पडवीतून म्हणाली, "मी कापलं नोतं वो. मी झोपून होती." हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलेलं असावं की त्यात आता जीवच उरला नव्हता.

मला राग आला. मी तावातावाने शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, आजी, ज्या बीजापासून पिंकी झाली ते बीज वनिता जन्मायच्या आधीच तयार झालं होतं, ती तिच्या आईच्या पोटात असताना. बाईच्या सगळ्या बीजांचं तसंच असतं. तेव्हापासून ही कडी गुणसूत्रांना धरून बसलेली असतात, वर्षानुवर्षं, बदली नाही, रजा नाही. वय वाढतं तशी जास्त झिजतात, पण कधी कधी तरुणपणीही एखादं दगा देतं. दोन वर्षांपूर्वीच्या ग्रहणाचा त्यात काय संबंध?

शेवंताबाईने विचार केला. खरंच विचार केला, मी तिच्या डोळ्यांत पाहिला. मग म्हणाली, "असं होय. मंग थिच्या मायनं पाळलं नसन गिरहन."

परतीच्या वाटेवर मेश्रामांनी पुलावर जीप थांबवली. म्हणाले, "म्याडम, तुम्ही एका बाईला सोडवायला आल्या, दोघींना अडकवलं." आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. मी हसले नाही. मला माझी आणि त्या म्हातारीची, दोघींचीही मनस्वी चीड आली होती.

ऊर्जानगर

रक्ताच्या पेशी वाढवायला तीन दिवस माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते, आणि ती हलता कामा नये. चंद्रपुरात तेव्हा भारनियमन जोरात होतं. शहराच्या बाजूला एवढं थोरलं वीज केंद्र, चिमण्यांतून अखंड धूर, आणि शहरात पंखे बंद! ती वीज आमच्याकडे येत होती, हे मला कोणी बोलून दाखवलं नाही. विदर्भाची माणसं सभ्य आहेत. मेश्रामांची मोठी बहीण ऊर्जानगरच्या वसाहतीत राहत होती, तिचे यजमान वीज केंद्रात होते. तिथे वीज जात नाही. म्हणून चंद्रपूरच्या एका महाविद्यालयातून मागून आणलेली उबेची पेटी ताईंच्या जेवणाच्या टेबलावर विराजमान झाली.

रमेश संध्याकाळी रक्त द्यायला आला. दिवसभर कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर, इमारतीएवढ्या उंचीवर काम करणारा दणकट गडी. मी सुई काढली आणि तो सरळ सोफ्यावर आडवा झाला. ताईंनी कांदा फोडून हुंगवला. शुद्धीवर आल्यावर लाजून म्हणाला, "सुईचं भ्या हाये म्याडम."

"आणि आईचं?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

त्याने कांदा बाजूला ठेवला. "मले पिंकी पायजे. थिची मायबी पायजे. पन मी तसं म्हनलो की बुढी जेवनच सोडते. दोन दोन दिस जेवत नाई. सांगा, काय करू मी?" मी त्याच्या दंडाला कापूस लावून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली आणि माझे डोळे पांढरे झाले. माझ्या बाटल्यांच्या शेजारी स्टीलचा डबा होता, त्यात दूध. ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "विरजण लावलं म्याडम. किती मस्त ऊब आहे तुमच्या पेटीत! रिकामी जागा वाया काऊन जाऊ द्या?" दह्याचे जंतू माझ्या बाटल्यांत शिरते तर पुन्हा रक्त, पुन्हा तीन दिवस, आणि तोवर बैठक होऊन वनिता माहेरी. बाटल्यांची बुचं घट्ट होती म्हणून वाचलो. दही मात्र असं लागलं की सुरीने कापावं. दुपारी मी दोनदा वाढून घेतलं.

ते तीन दिवस मी राख झटकत आणि कंपनीच्या बस बघत काढले. चादरीवर राख, खिडकीत राख, तुळशीवर राख. ताईंना विचारलं, त्रास होत नाही का? म्हणाल्या, "पोट भरते न त्याच्यावर." मग त्यांनी मला विचारलं की पुण्यात वीज बिनधुराची येते का. मी दह्याची वाटी पुढे केली.

तिसऱ्या दिवशी बाटल्यांत औषध टाकायचं असतं. त्याने पेशीतल्या दोऱ्या विरघळतात. दोऱ्याच नाहीत म्हटल्यावर गुणसूत्रं बांधली जात नाहीत, पहारेकरी हटत नाही, कात्री चालत नाही. त्या क्षणी सगळ्या बहिणी कमरेशी एकमेकींना धरून थांबतात, आणि तेव्हाच त्या मोजता येतात. विभक्त होण्याच्या ऐन क्षणी थांबवायचं आणि निरखून बघायचं, आयुष्यभर मी एवढंच केलं आहे. माणसांच्या बाबतीत असलं औषध अजून निघालेलं नाही.

महाविद्यालयाच्या सूक्ष्मदर्शकावर बसले. मेश्राम दवाखाना सोडून शेजारी उभे. पिंकीच्या पेशीत सत्तेचाळीस निघाली. जादाचं एकविसावं मोकळं होतं, दुसऱ्या कशाला जोडलेलं नव्हतं. जोडलेलं निघालं असतं तर ते आईकडून किंवा बापाकडून आलेलं असू शकलं असतं, आणि पुढच्या लेकरांनाही धोका राहिला असता. वनिताची शेहेचाळीस, नीट. रमेशची शेहेचाळीस, नीट. मी पेशीमागून पेशी मोजत गेले, कारण पहिल्या आनंदावर मी कधी विश्वास ठेवत नाही. शेवटी मान वर केली.

"कोणामुळे?" मेश्रामांनी विचारलं.

"कोणामुळेच नाही. एका बीजात एका वेळी एका जोडीची ताटातूट चुकली. बस."

मेश्रामांनी डोकं खाजवलं. "हे उत्तर त्यांना चालणार नाही म्याडम. दोषी पाहिजे त्यांना."

तलाव

मासोळीच्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा तलावात सगळं गाव उतरलं होतं. जाळ्यांची टोकं ओढत माणसं काठाकडे येत होती, पोरं चिखलात, वर आकाशात घारी. पाळीवर केळीच्या पानांवर वाटे पडत होते. रमेश रजा घेऊन आला होता आणि कमरेएवढ्या पाण्यात होता. वनिता पिंकीला घेऊन झाडाखाली एकटीच उभी होती, शेजारी गाठोडं. निकाल लागायच्या आधीच तिने सामान बांधून ठेवलं होतं. मला भडभडून आलं.

शेवंताबाईने मला हाताने खूण केली आणि पाळीच्या मागच्या बाजूला नेलं. मला वाटलं, आता भांडण. मी तयारीत होते.

"माहं रगत काऊन नाई घेतलं?" ती म्हणाली.

"गरज नव्हती, आजी."

"होती." ती माझ्याकडे बघत नव्हती. "रमेशच्या आंदी मले एक पोट्टं होतं. गनपत. पिंकीसारखंच. थेच डोळे, थीच जीभ, तसंच हासे. चार वर्साचा होऊन गेला, तापानं. माही सासू म्हने, तू गिरहनात कापलं. मी कापलं नोतं बाई. हात नोता लावला कशाले. पन सारं गाव म्हने. मंग मलेच वाटे, कापलं असन का? झोपेत कापलं असन का?"

मी तिच्या शेजारी पाळीला टेकले.

"पिंकी झाली आन् मी तोंड पायलं थिचं. गनपतच. मी म्हनलं, माह्यातूनच आलं हे. माह्यातून रमेशमंदी, रमेशमधून थिच्यात. थे वनितावर गेलं तं माह्यावरून उतरलं असतं. म्हून म्हनत राह्यली." तिने पदराने नाक पुसलं. "आता खरं सांगा. माह्यातून आलं?"

इतके दिवस या बाईवर मी मनातल्या मनात इतक्या शिव्या वाया घालवल्या होत्या, त्या सगळ्या एकदम माझ्याच अंगावर आल्या. मी तिचे दोन्ही हात धरले. खवले लागलेले, थंड हात.

"नाही," मी म्हणाले. "रमेशची गुणसूत्रं मी डोळ्यांनी बघितली आहेत. त्याच्यातून काही गेलेलं नाही. मग तुमच्यातून त्याच्यात येणार कुठून?"

तिने मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही. आम्ही पुढे आलो.

गोविंदाभाऊंनी हात वर केला आणि पाळ गप्प झाली. रमेशच्या वाट्याचं पान अजून रिकामं होतं. मी उभी राहिले. या वेळी बांगडी नाही, कात्री नाही, एक शब्द जास्तीचा नाही, असं स्वतःला बजावलं होतं.

"पिंकी जशी आहे, तशी ती वनितामुळे नाही," मी म्हणाले. "रमेशमुळे नाही. वनिताच्या आईमुळेही नाही. ग्रहणाने असं होत नाही. पुढचं लेकरू असंच होईल हे भय धरू नका, शक्यता फार थोडी आहे."

"मंग कोनामुळं?" कोणीतरी विचारलं.

"कोणामुळेच नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. गोविंदाभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, असं कसं होईन? कोनाचं तं असनच ना." मेश्राम माझ्याकडे बघून भुवया उडवत होते.

मी समोरच्या वाट्यांकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही एवढे वाटे घातले. कधी दोन मासोळ्या जाळ्याच्या दोऱ्यात अडकून एकाच वाट्यात जात असतील. तसंच झालं. त्यात वाटा उचलणाऱ्या बाईचा काय दोष?"

गोविंदाभाऊंची मिशी ताठ झाली. "आमच्या वाट्यात कधी चूक होत नाई."

झालं! मी पुन्हा तोंडघशी. एवढ्यात गर्दीतून एक जाड बाई मोठ्याने म्हणाली, "काऊन खोटं बोलून राह्यले भाऊ? मागच्या साली माह्या वाट्यात दोन मरळ आले आन् चंद्रीच्या वाट्यात एकबी नाई. वर्सभर बोलली नाई थे माह्यासंग!" पाळीवर हशा पिकला. चंद्री म्हणून जी होती तीही हसली. गोविंदाभाऊ रागावले, पण मिशीतल्या मिशीत.

हसणं ओसरलं तेव्हा शेवंताबाई पुढे आली होती. ती गोविंदाभाऊंसमोर जाऊन उभी राहिली. "वनितानं कापलं नोतं. मी खोटं बोलली. टाका वाटा."

"शेवंता…"

"पुरा टाका."

गोविंदाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग टोपलं उचललं आणि पानावर रोहू, मरळ, झिंगे ओतले. रमेश पाण्यातून नुसता बघत उभा होता, त्याच्या हातातलं जाळं सुटून तरंगत चाललं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. वनिता झाडाखालून हलेना. शेवंताबाईने जाऊन पिंकीला तिच्या कडेवरून घेतलं आणि म्हणाली, "हात रिकामे कर. वाटा कोन उचलन, मी?" तेव्हा कुठे ती आली, वाकली, आणि पान उचलताना रडायला लागली. मीही रडले. मेश्राम चष्मा पुसत होते, तिथे काही धूळ नव्हती.

लोक पांगायला लागले. पण शेवंताबाई पिंकीला काखोटीला मारून तिथेच उभी होती.

"बाई," ती मला म्हणाली, "साऱ्याईचे नाव घेतले तुमी. माहं राह्यलं."

माझ्यातली प्रयोगशाळेतली बाई लगेच जागी झाली. गणपतचा नमुना नाही, पेशी नाही, काहीच नाही, त्याचं काय सांगणार? पण ग्रहणात वांगं चिरून कोणाचं गुणसूत्र वाढत नाही, हे सांगायला रक्त लागत नाही. पाळीच्या मागच्या टोकाला चार-पाच म्हाताऱ्या बसल्या होत्या, शेवंताबाईच्याच वयाच्या, तिच्याबरोबरच या गावात सून म्हणून आलेल्या. ती त्यांच्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "गणपत जसा झाला, तसा तो शेवंताबाईमुळे झाला नाही."

म्हाताऱ्यांपैकी एकीने ऐकायला कानामागे हात धरला.

"अजून एकडाव सांगा," शेवंताबाई म्हणाली. "जोरानं. त्याईले आयकू नाई गेलं."

मी अजून एकदा सांगितलं. जोरानं.